तक्त्यातला शेवटचा चौकोन

संचिता शिवगणला प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनची. अकरा वर्षांची असताना खंडेनवमीला ती बाबांबरोबर भाईंदर पूर्वेच्या कारखान्यात गेली होती. स्टीलचे डबे-तांबे बनवायचा कारखाना, आणि बाबा, पंढरीनाथ, तिथे पॉलिशवर. सगळ्या मशिनांना झेंडूचे हार, हळदकुंकू, पुढे नारळ. ज्या प्रेसखाली राघोकाकांची दोन बोटं गेली होती तिलाही हार. पेढा घेता घेता संचिताने शेठना विचारलं, "मशीनची पूजा केलीत, मग राघोकाकांचं काय केलंत?" शेठनी तिच्या हातावर आणखी दोन पेढे ठेवले आणि पंढरीनाथला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वर्षी पोरीला आणू नकोस.

बाबा रागावले नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाले, "प्रश्न बरोबर होता, जागा चुकली." संचिताला ते तेव्हाही पटलं नाही. तो प्रश्न तिथे नाही विचारायचा तर काय घराजवळच्या गोडदेव नाक्यावर विचारायचा?

दहा वर्षांनी, २००६ साली, त्याच खोडीचे तिला पैसे मिळायला लागले. टी.वाय.बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेल्या मुलीला कोण काम देणार, असं चाळीतल्या सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पण मीरा रोडला फरसाणच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, सर्व्हे करणाऱ्या एका एजन्सीच्या दोन खोल्या होत्या. तिथून फॉर्मांचा गठ्ठा घ्यायचा, घरोघर जाऊन माणसांना प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून आणायची. साबण, बिस्किटं, मोबाइल, काय वाटेल ते. कंपन्यांना माल काढायच्या आधी लोकांचं मत हवं असे. संचिताला पहिल्या दिवशी हे ऐकून बरं वाटलं. जगात कोणीतरी कोणाचं तरी मत विचारतंय, हेच तिला नवीन होतं.

मग तिला तक्ता दाखवला.

फॉर्मच्या पहिल्याच पानावर तो असे. घरात मुख्य कमावणारा कोण, तो किती शिकला आणि काय काम करतो, एवढंच विचारायचं. शिक्षण वरच्या ओळीत, काम डावीकडे. दोन्ही बोटं सरकवत आणली की ज्या चौकोनात भेटतील तिथे त्या घराचं अक्षर. ए-वन म्हणजे वरचे, ई-टू म्हणजे तळाचे. ए आणि बी आलं तर पुढचे प्रश्न. सी, डी, ई आलं तर "धन्यवाद" म्हणायचं, पहिल्या पानाखाली आडवी रेघ मारायची आणि उठायचं. मागची पानं कोरी राहिली पाहिजेत, हा सक्त नियम. एजन्सीत याला सगळे 'टर्मिनेट' म्हणत. "आज किती टर्मिनेट?" असं सुपरवायझर यतीन संध्याकाळी विचारी, जसं आई विचारते आज किती पोळ्या उरल्या.

यतीन वाईट माणूस नव्हता. पस्तिशीचा, केसांना जेल लावणारा, पोरींशी नीट वागणारा. पण प्रश्न आला की त्याचा चेहरा लिफ्ट अडकल्यासारखा होई.

"कंपनीला ज्यांना माल विकायचाय त्यांनाच विचारणार ना," तो म्हणाला. "तुझ्या चाळीत जाऊन वॉशिंग मशीनबद्दल काय विचारणार?"

"आमच्या चाळीत लोक कपडे धुतात."

"संचिता, प्लीज. फिलॉसॉफी नको."

एक रुपयाची शाम्पूची पुडी मात्र त्याच कंपन्या तिच्या चाळीत विकत होत्या. दुकानात दोरीला लटकलेल्या त्या माळा. आई दर रविवारी एक तोडून आणायची, अर्धी स्वतःच्या केसांना, अर्धी संचिताच्या. जाहिरातीतली बाई त्याच शाम्पूच्या मोठ्या बाटलीने केस धुऊन म्हणे, आता प्रत्येक स्त्री सुंदर. प्रत्येक. संचिताने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं : कंपनीला आईचा रुपया चालतो, आईचं मत चालत नाही.

हे ती बोलली सुचेता मॅडमच्या तासाला. सुचेता मॅडम तिसऱ्या वर्षाला युरोपातला प्रबोधनकाळ शिकवत. पुढ्यात नऊ मुली आणि दोन मुलगे, त्यातला एक झोपलेला. मॅडम सांगत होत्या, अडीचशे वर्षांपूर्वी तिकडच्या माणसांनी ठरवलं की राजाने सांगितलं, धर्मगुरूने सांगितलं म्हणून काही खरं मानायचं नाही. स्वतःची बुद्धी चालवायची. आणि बुद्धी सगळ्यांना आहे, म्हणून सगळी माणसं समान.

संचिताने हात वर केला. "मॅडम, हे लिहिणाऱ्यांच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं? तिला विचारलं होतं का कोणी?"

वर्ग हसला. झोपलेला जागा झाला.

"नव्हतं विचारलं," मॅडम म्हणाल्या. "कित्येकांनी तर गुलामांच्या व्यापारात पैसे घातले होते."

"मग कशाला शिकायचं त्यांचं?"

"कारण त्यांना खोटं ठरवायला तुला त्यांचंच हत्यार लागतं. आत्ता तू काय केलंस? ते जे म्हणाले ते त्यांनाच लावून पाहिलंस. तेच करायचं असतं. बोलणाऱ्याला त्याच्याच नियमाने पकडायचं."

तास सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवून विचारलं, एम.ए.ला येणार का. संचिता म्हणाली, येणार. म्हणाली खरी, पण ते सगळं यतीनच्या हातात होतं. घरी लपवाछपवी नव्हती. बाबांनी सांगून टाकलं होतं, बी.ए.पर्यंत मी, पुढचं तुझं तू बघ. आणि यतीनने शब्द दिला होता : वॉशिंग मशीनचा हा पन्नास फॉर्मांचा गठ्ठा चूक न होता पार पडला की जूनपासून तू सुपरवायझर. काम अर्ध्या दिवसाचं, उरलेल्या वेळात कलिनाला विद्यापीठात जाऊन एम.ए. कर. तेव्हा हे पन्नास फॉर्म म्हणजे संचिताचं एम.ए. होतं, दुसरं काही नाही.

सत्तेचाळीस झाले. मीरा रोडच्या टॉवरांमधून सगळे. दार उघडणाऱ्या गुजराती बायका प्रेमळ. "आवो ने बेन, पाणी पीशो?" म्हणत आत घेत, आणि मशीनचा गोल दरवाजा चांगला की वरचं झाकण चांगलं, यावर वीस मिनिटं मन लावून बोलत. त्यांनाही एरवी कोण विचारत होतं म्हणा.

अठ्ठेचाळिसाव्याला ती अडली. तीन दिवस फिरून एकही ए-बी मिळेना. तेव्हा तिने ते केलं, जे एजन्सीतल्या सगळ्या पोरी अधूनमधून करत. घरी बसून फॉर्म भरला. आपल्याच घराचा. मुख्य कमावणारा : पंढरीनाथ शिवगण. शिक्षण : पदवीधर. काम : कार्यालयात अधिकारी. दोन्ही बोटं सरकवली आणि बाबा बी-वनमध्ये जाऊन बसले.

एजन्सीत भरून आलेल्या फॉर्मांपैकी काहींची फेरतपासणी होई. घरी माणूस जाई, खरंच प्रश्न विचारले का ते पाही. तिला वाटलं, पन्नासातून आपला कशाला निघतोय. नेमका तोच निघाला.

रविवार होता. संचिता नळावर गेली होती. परत आली तर हातात फाइल घेतलेला एक माणूस जिना उतरत होता, आणि घरात बाबा लुंगीवर, चहाचा कप तसाच समोर. आई सुगंधा कणीक मळायची थांबलेली.

"काय गं," बाबा म्हणाले, "माझा पदवीदान समारंभ कधी झाला?"

तिच्या हातातली कळशी तिथेच राहिली.

"तो विचारायला लागला, तुम्ही ग्रॅज्युएट ना? मला वाटलं घर चुकला. मग म्हणाला, संचिता शिवगण मॅडमनी फॉर्म भरलाय. म्हटलं, हो, ग्रॅज्युएट."

"कुठल्या कॉलेजचे, असं पण विचारलंन," आई म्हणाली. "हे सांगतायत रत्नागिरीचं. गावाला सातवीनंतर शाळा नव्हती म्हणून रडलेले, ते रत्नागिरीच्या कॉलेजात गेले."

"आणि त्याने लिहून घेतलं?"

बाबांनी दोन्ही हात पुढे केले. पॉलिशचा काळा भुसा नखांत, रेघांत, पंचवीस वर्षांचा. कितीही घासला तरी न जाणारा. "हे बघितलंन त्याने. बघून लिहिलं, बरोबर आहे म्हणून. भला माणूस असणार."

आईने पुन्हा कणीक मळायला घेतली, जरा जास्तच जोरात.

"तुझं काम जाईल म्हणून मी खोटं बोललो," बाबा म्हणाले. "त्याचं काय नाय. एवढंच सांग, सातवी-पॉलिशवाला लिहिलं असतंस तर कुठलं अक्षर आलं असतं?"

"डी."

"आणि अधिकाऱ्याला?"

"बी."

"म्हणजे दोन अक्षरं चढवलंस." त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "मी काय तुला एवढा कमी वाटत होतो काय गं?"

संचिताने कळशी खाली ठेवली. यतीन माणसांना तक्त्यावर मोजतो म्हणून ती त्याला हसायची. तिने तर स्वतःच्या बापाला मोजून, लहान निघाला म्हणून खोटी उंची लावली होती. नियम ज्याने केला त्याचा गुन्हा अर्धा. जी तो वाईट आहे हे कळूनही त्यात बापाला बसवते तिचा पुरा. हे तिने वहीत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. फक्त ठरवलं, यापुढे फॉर्मवर कोणाला चढवायचं नाही आणि उतरवायचं नाही.

उरलेल्या दोन फॉर्मांसाठी यतीनने तिला चेण्याला पाठवलं. घोडबंदर रस्त्यावर, वरसाव्याच्या पुढे. "तिकडे मोठं कॉम्प्लेक्स आलंय. सगळे ए-वन," तो म्हणाला आणि पत्ता दिला. पत्ता एका चकचकीत जाहिरातपत्रकावरून उतरवलेला होता.

काशिमिऱ्याहून बस पकडून ती चेण्याला उतरली, तर कॉम्प्लेक्स होतं, पण फक्त फलकावर. पोहायचा तलाव, खेळणारी गोरी मुलं, 'तुमच्या स्वप्नातलं घर'. फलकामागे शेत, बांधावर एक म्हैस आणि त्यापलीकडे गाव. यतीनने न बांधलेल्या इमारतीतल्या माणसांची मतं आणायला तिला पाठवलं होतं.

दुसरी कोणी परत फिरली असती. पण एजन्सीचा एक नियम होता : दिलेल्या जागी उभं राहायचं, उजवा हात धरून चालायला लागायचं आणि वाटेत येईल त्या प्रत्येक पाचव्या घरात जायचं. आवडीनिवडीने घर निवडायचं नाही. संचिता फलकाखाली उभी राहिली आणि उजव्या हाताने गावात शिरली. पाचवं घर शेवंतीबाईंचं निघालं.

पासष्टीची बाई ओटीवर बसून चवळीच्या शेंगा निवडत होती. घरात एकटी. शेंगा, काकड्या, अळूची पानं टोपलीत घालून हमरस्त्याला विकायची, तेवढीच कमाई. संचिताने ओळख सांगितली.

"सर्कारी हाय का?"

"नाही, कंपनीचं. घरात कमावतं कोण?"

"मीच. दुसरा कोन हाय इथं?"

"शिक्षण?"

"न्हाय." शेवंतीबाईंनी एक किडकी शेंग लांब फेकली. "साळा झाली तवा माजा लगीन झाला व्हता."

शाळा नाही, फुटकळ विक्री. बोटं सरकवायचीही गरज नव्हती. तक्त्यातला शेवटचा, अगदी तळाचा चौकोन, ई-टू. संचिताने पहिल्या पानाखाली रेघ मारली. "धन्यवाद, आजी."

"झाला?"

"हो."

"मंग इचारलं काय तू? कमावतं कोन आनि शिकली किती. ह्ये तं पोरगी बघाला येतात ते इचारतात." बाई हसली. मग तिची नजर फॉर्मवरच्या चित्रावर गेली. "ह्या मशिनीचा इचारतेस? ती हाय ना माज्याकडं."

संचिताने आत पाहिलं. अंधाऱ्या माजघरात, भिंतीला लावून, वर क्रोशाचा रुमाल घातलेलं पांढरं वॉशिंग मशीन उभं होतं. वरच्या झाकणाचं. मुलाने, विठूने, आपल्या वाट्याची जमीन बिल्डरला विकली तेव्हा घेतलेलं. पुढे तो मीरा रोडला फ्लॅटमध्ये गेला, तिथे नवीन घेतलं आणि हे आईकडे राहिलं.

"यात कपडे धुता?"

"नळ कुटं हाय? कपडे नदीवर." शेवंतीबाई उठली, रुमाल बाजूला केला आणि झाकण उघडलं. आत काठोकाठ तांदूळ. वर कडुलिंबाचा पाला. "कनगी उंदरांनी फोडली व्हती. पत्र्याचा डबा गंजला. ह्याच्यात उंदीर जात न्हाय, घूस जात न्हाय. दोन वर्सं झाली."

संचिता तिथेच खाली बसली आणि पहिलं हसू ओसरल्यावर तिच्या डोक्यात गाडी सुरू झाली. सत्तेचाळीस घरांत तिने विचारलं होतं, मशीन का घेतलं. जाहिरात पाहून, शेजारी आलं म्हणून, भावजयीकडे होतं म्हणून. एकीनेही मशीनकडे असं पाहिलं नव्हतं, की हे काय आहे, मला याची गरज काय, यातलं माझ्या कामाचं किती. कोणी काय म्हणून विकलं ते बाजूला ठेवून स्वतःच्या बुद्धीने वस्तू तपासणं, ते हेच ना? मॅडमच्या तासातलं. आणि ही बाई शेवटच्या चौकोनात. तिचं मत विचारायचं नाही, असा सक्त नियम.

"आजी, सगळेच प्रश्न विचारते," ती म्हणाली. "अर्धा तास लागेल."

"शेंगा निवडते मी. तू इचार."

तिने सगळे विचारले. सत्तावीस प्रश्न, चित्रांच्या कार्डांसकट. मशीन घेण्याचा निर्णय कोणी घेतला? "सुनेनी." सर्वात महत्त्वाची सोय कोणती? "झाकन." सर्वात निरुपयोगी? "ही वायर." मशीनमुळे जीवनात काय बदल झाला? "मांजर गेली शेजारी. तिला कामच न्हाय ऱ्हायला." पुढच्या सहा महिन्यांत नवं घ्यायचा विचार आहे का? "कोनी टाकून दिलं तं घेन. डाळीला." संचिताने शब्द न शब्द उतरवला. रेघ मारलेल्या पानामागची कोरी राहायला हवी होती ती चारही पानं भरली.

"ह्ये कंपनीला जाईल?" शेवंतीबाईंनी विचारलं.

"जाईल," संचिता म्हणाली. बोलून बसली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात यतीन एकटा नव्हता. मशीनच्या कंपनीकडून ममता नावाची बाई काम पाहायला आली होती. उंच, हुशार, मुंबईचं फाडफाड मराठी. संचिताने फॉर्म टेबलावर ठेवला. यतीनने पहिलं पान पाहिलं, मागची उलटली आणि हळूच म्हणाला, "हे काय? टर्मिनेट आहे ना?"

"आहे. पण तिच्याकडे मशीन आहे. मशीन असणाऱ्यांचंच मत हवंय ना आपल्याला?"

"ई-टूचं नकोय."

"मग तक्ता चुकतोय. घरात मशीन असलेली बाई मशीनच्या सर्व्हेत बसत नाही, म्हणजे चूक कोणाची?"

यतीनने ममताकडे पाहून ओशाळं हसून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. "ऐक. मार्ग आहे. निर्णय सुनेचा लिहिलायस, म्हणजे मुलगा आहे ना? त्याला मुख्य कमावणारा दाखव. बी.कॉम. लिही, स्वतःचा धंदा लिही. बी-टू येतं. फॉर्म व्हॅलिड, तुझे पन्नासही लवकर पुरे, जूनमध्ये तू सुपरवायझर. सगळे खूश. म्हातारीचं मतपण जाईल."

आठ दिवसांपूर्वी हे तिला कोणी न सांगताच सुचलं होतं.

"मुलगा तिथे राहत नाही. तिचं मत तिच्या नावाने जाईल."

"एका खोट्या ओळीने काय होतं गं? अख्खी फील्ड असंच चालते."

"ठाऊक आहे. मी केलंय," संचिता म्हणाली. "अठ्ठेचाळीस नंबरचा काढा. तो माझ्या घरचा आहे. पदवीधर अधिकारी नाही, सातवी पास पॉलिशवाला. डी. तोही रद्द करा."

यतीनचा चेहरा दोन मजल्यांच्या मध्येच थांबला. तेवढ्यात ममताने फॉर्म उचलला होता. ती वाचत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"तांदूळ? हे फार गोड आहे. मांजर शेजारी गेली... यतीन, हे मला हवंय. प्रेझेंटेशनच्या सुरुवातीला टाकते. गुरुवारी फोटोवाल्याला घेऊन जाऊ या तिच्याकडे. झाकण उघडून हसताना."

"म्हणजे फॉर्म धरणार?" संचिताने विचारलं.

"फॉर्म नाही गं. आकड्यांत नाही येत ती. पण गोष्ट म्हणून मस्त आहे."

"गोष्ट म्हणून चालते, आकडा म्हणून नाही."

"तू चिडू नकोस. यात वाईट काय आहे? लोक हसतील, आवडेल सगळ्यांना."

"लोक हसतील हेच." संचिताला स्वतःचा आवाज शांत वाटला, म्हणून ती पुढे बोलली. "तुमच्या सत्तेचाळीस बायकांचं मत तुम्ही मोजणार. त्यांच्यावर कोणी हसणार नाही. हिने सगळ्यांत जास्त डोकं चालवलं, तर हिचा फोटो. तिला मोजा. नाही मोजायचं तर दाखवूही नका."

"ते तू नाही ठरवायचं," यतीन म्हणाला. आता तो चिडला होता. "फॉर्म एजन्सीचा आहे. ठेव आणि जा. कार्ड आणि बॅगपण ठेव."

संचिताने गळ्यातलं कार्ड काढलं, बॅग रिकामी करून टेबलावर ठेवली. मग ममतासमोरचा फॉर्म उचलला, कोपऱ्यातली पिन नखाने सरळ केली, मागची चार पानं सुटी केली आणि पहिलं पान परत ठेवलं.

"हे काय करतेस?"

"टर्मिनेट झालेल्या फॉर्मची मागची पानं कोरी पाहिजेत. तुमचाच नियम. तुम्ही तिला विचारलंत ते एवढंच, कमावतं कोण आणि शिकलीस किती. ते या पानावर आहे. पुढचं तुम्ही विचारलेलंच नाही, तर उत्तरं तुमची कुठून?"

यतीनने ते एक पान हातात घेतलं, उलटं केलं. मागे काही नव्हतं.

"तुझ्यासारख्या पोरी पुढे जात नाहीत," तो म्हणाला.

"तुमच्या तक्त्यात नसतील जात," संचिता म्हणाली आणि जिना उतरली.

खाली आल्यावर तिने हिशोब मांडला. जून गेला होता, सुपरवायझर गेलं होतं, कलिना कुठल्या कुठे गेलं होतं. शिकवण्या घ्याव्या लागतील, एखादं वर्ष थांबावं लागेल. घरी बाबांना सांगायचं होतं. पण त्याआधी दुसऱ्या एकीला शब्द दिला होता, तो मोडला होता, आणि हे आधी जिचं तिला सांगणं भाग होतं. ती काशिमिऱ्याला जाऊन बसमध्ये चढली. बॅग नव्हती, चार पानं वाऱ्याने फडफडायला लागली, तेव्हा घडी करून ओढणीच्या टोकात बांधली.

शेवंतीबाई टोपली रिकामी करून नुकतीच परत आली होती. संचिताने उभ्या उभ्याच सांगितलं. फॉर्म घेतला नाही, तुमचं मत कंपनीला जाणार नाही, मी जाईल म्हणाले होते ते चुकलं.

"मंग तू कशाला आलीस एवढ्या लांब?"

"हेच सांगायला."

बाईने टोपली कोपऱ्यात ठेवली. "न्हाय घेतलं तं न्हाय. त्यांनी लिवलं न्हाय म्हनून माजा तांदूळ नासतंय काय?" तिने घोंगडी पसरली. "बस. काल काय काय लिवलंस ते वाच. मना वाचता येत न्हाय, म्हनून कोनी काय पन लिवील."

संचिताने ओढणीची गाठ सोडली आणि वाचायला लागली. सुनेचं वाचलं तेव्हा बाई मान डोलावत होती, मांजरीला हसली. चौदाव्या प्रश्नापाशी मात्र तिने हात वर केला. प्रश्न होता, मशीनबद्दल आपण किती समाधानी आहात. संचिताने पाचपैकी पाचावर गोल केला होता.

"ह्ये खोटा हाय. मी असा न्हाय बोल्ले. मी बोल्ले, पावसाला खालून ओल धरते, दोन बोटं तांदूळ जातंय."

संचिताने आठवून पाहिलं. बाई तसंच म्हणाली होती. तिलाच ते उत्तर तेव्हा आवडलं नव्हतं. शेवंतीबाई मोठी दिसावी म्हणून आपणच पाचावर गोल केला, कोणी सांगितलेलं नसताना.

"किती लिहू?"

शेवंतीबाईंनी विचार केला. घाई नव्हती कुणालाच.

"तीन," ती म्हणाली. "झाकनाचे."

संचिताने पाचावरचा गोल खोडला, तीनवर केला, बाजूला ओलीचं लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.